शेवटच्या अंकाचे प्रेक्षक

आजचा विषय मालिकांचा आहे, म्हणजे खरं तर मालिकांच्या शेवटाचा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसांनी या भानगडीत पडावं का, असं कुणाच्या मनात येईल. पण नाटक बघून माणसं का रडतात, हा प्रश्न ॲरिस्टॉटलला पडला, अभिनवगुप्ताला पडला, आणि पुण्यात केसरीच्या कचेरीत बसणाऱ्या न. चिं. केळकरांनाही पडला. त्यांना जो प्रश्न हलका वाटला नाही तो आम्ही हलका मानायचं कारण नाही.

२९ फेब्रुवारी २०२० या दिवशी झी मराठीवरची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका संपली. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं घराघरांत चाललेली. प्रताप गंगावणे यांचं लेखन, आणि संभाजी महाराजांच्या भूमिकेत डॉ. अमोल कोल्हे. दरम्यान, २०१९ साली, हे गृहस्थ शिरूरमधून लोकसभेवर निवडून गेले. महाराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुक त्याच मतदारसंघात येतं. तेव्हा पडद्यावरचा माणूस आणि पडद्याबाहेरचा माणूस यांची सरमिसळ झाली होती, ती निराळीच. पण आमचं लक्ष आज प्रेक्षकांकडे आहे. या मालिकेचा शेवट काय, हे पहिल्या भागाच्या दिवशी शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला कैद, आणि ११ मार्चला भीमा-इंद्रायणीच्या संगमाजवळ तुळापूर-वढूच्या परिसरात हाल हाल करून वध. चौथीच्या पुस्तकापासून कानावर पडलेली गोष्ट. रहस्य असं काही नाहीच. तरी शेवट जवळ येऊ लागला तशी घरोघर माणसं अस्वस्थ झाली. काहींनी शेवटचे भाग पाहायचंच नाकारलं. ‘आम्हाला ते बघवणार नाही’ हे वाक्य आम्ही आमच्या सोसायटीत, भाजीवालीकडे, बँकेच्या रांगेत ऐकलं.

आता हे वाक्य जरा नीट बघा. बघवणार नाही, म्हणजे न बघितल्यानं काही टळणार आहे का? जे झालं ते तीनशे तीस वर्षांपूर्वी झालं. मग माणूस नेमकं काय टाळतो?

शास्त्रकारांनी याची उत्तरं दिली आहेत. ती थोडक्यात सांगतो, कारण आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना ती पाठ आहेत आणि इतरांना फार लागणार नाहीत. ॲरिस्टॉटल म्हणतो की करुणा आणि भय जागं होऊन त्यांचं विरेचन होतं, मन हलकं होतं. आपल्याकडे मुख्य परंपरा अशी की रस आनंदरूपच असतो. शोकसुद्धा नाट्यात आला की ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही, सर्वांचा होतो, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. ‘नाट्यदर्पण’ लिहिणारे रामचंद्र आणि गुणचंद्र हे दोन जैन पंडित तेवढे म्हणाले की असं सरसकट नाही, काही रस सुखाचे आणि काही सरळसरळ दुःखाचेच. आम्हाला वैयक्तिकरीत्या हे दोघे जास्त प्रामाणिक वाटतात. पण या सगळ्यांनी एक गोष्ट जवळजवळ गृहीत धरली आहे, ती म्हणजे शेवट. शेवट हा गोष्टीत आपोआप असतो, असं आपण समजतो. तो असतो का? इतिहासाला शेवटचा भाग नसतो. कुणीतरी ठरवतं की पडदा इथे पाडायचा. आणि प्रेक्षकांचे अश्रू, संताप, समाधान हे सगळं त्या ठरवण्यावर अवलंबून असतं. आज आम्ही हे मराठी रंगभूमीच्या इतिहासातून दाखवणार आहोत.

सुरुवात १८६१ पासून. विनायक जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणानं ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिलं. मराठीतलं हे पहिलं स्वतंत्र ऐतिहासिक गद्य नाटक मानलं जातं, आणि ते शोकान्त आहे. सन लक्षात घ्या. पानिपताला बरोबर शंभर वर्षं झालेली. पेशवाई बुडून त्रेचाळीस. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयानं गेले, वय सत्तावीस, आणि रमाबाई सती गेल्या. कीर्तन्यांनी पडदा तिथे पाडला. त्यांना पुढे जाता आलं असतं. नारायणरावांचा खून तर एका वर्षाच्या आतच आहे, आणि नाटककाराला तो सोडवत नाही, पुढे खाडिलकरांनी तो घेतलाच. पण कीर्तन्यांनी कर्तबगार पेशव्याच्या अकाली मृत्यूवर थांबायचं ठरवलं. ज्या पुण्यात शनिवारवाड्याचं नुसतं जोतं उरलं होतं, तिथल्या माणसाला या शेवटानं एक सोय करून दिली. राज्य गेल्याचं दुःख उघड करायची चोरी होती. एका तरुण पेशव्यासाठी मात्र हळहळता येत होतं. १८५७ होऊन चारच वर्षं झाली होती, हेही विसरू नका.

पुढचा मुक्काम १९०७. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’. गोष्ट महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री झालेली, आणि राजाचा मेहुणा कीचक तिच्यावर डोळा ठेवून. धर्मराज सांगतो सबुरी धरा, भीम दात-ओठ खातो. शेवटी भैरवाच्या देवळात भीम कीचकाला मारतो. आता कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल आणि द्रौपदी म्हणजे कोण, हे पुण्याच्या पिटातल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. नाटकात इंग्रजांचं नावही नाही. सगळं प्रेक्षकांनी आपल्या पदरचं घालायचं.

आणि इथे इतिहासकाराला एक मौजेचा कागद सापडतो. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल, ज्याच्यावर पुढे टिळकांनी विलायतेत जाऊन फिर्याद लावली आणि १९१९ साली हरले, त्याच्या १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात या नाटकाच्या प्रयोगाचं वर्णन आलं आहे. त्यातला भर रंगमंचावर नाही, प्रेक्षागृहावर आहे. तिथे बसलेल्या इंग्रजाला काय कायमचं लक्षात राहील, तर कीचकाचे अत्याचार बघताना पुरुषांच्या कपाळावर पडलेल्या आठ्या, द्रौपदी विनवण्या करते तेव्हा ब्राह्मण बायकांचे पाणावलेले डोळे, धर्मराजाच्या मऊपणाबद्दलचा तिटकारा, भीमाबद्दलचं कौतुक, आणि कीचक मेला त्या क्षणी थिएटरभर उठलेला समाधानाचा खोल हुंकार. मंडळी, मराठी प्रेक्षक शेवट पाहताना कसा दिसतो याचं इतकं बारीक वर्णन त्या काळात आपल्यापैकी कुणी क्वचितच केलं असेल. आपण नाटकाकडे बघत होतो ना! आपल्याकडे बघत होता तो ज्याला आपली भीती वाटत होती. कलेचा उत्तम निरीक्षक रसिकच असतो असं काही नाही. कधी कधी तो पोलीसही असतो.

डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९१० च्या आरंभी, ‘कीचकवधा’वर बंदी आली. त्यासाठीचा कायदा १८७६ पासून तयारच होता, बंगाली नाटकांनी हैराण होऊन सरकारनं केलेला. सरकारचा तर्क साधा होता. जो माणूस थिएटरात कीचकाच्या मरणावर हुंकार देतो, तो बाहेर जाऊन कीचक शोधणार.

हा तर्क चूक होता का? सरकारला घाबरायला कारण नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यात माणसाबद्दलची एक समजूत आहे, आणि ती अपुरी आहे. नाटक बघणारा माणूस एकाच जागी असतो, असं ती समजूत म्हणते. तिचं उत्तर बंदीनंतर अकरा वर्षांनी, खाडिलकरांप्रमाणेच केसरीचं संपादन केलेल्या दुसऱ्या माणसानं दिलं. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून बोलताना न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. योग्याची समाधी निर्विकल्प. त्यात ‘मी’ उरत नाही. वाचकाची, प्रेक्षकाची समाधी वेगळी. तो पात्राशी तद्रूप होतो आणि तरी आपली जागा सोडत नाही. दोन्हीकडे एकदम असतो, आणि गोडी त्या दोन्हीकडे असण्यातच आहे. पुढच्या समीक्षकांनी या सिद्धान्ताची पुष्कळ चिरफाड केली. मानसशास्त्र म्हणून तो कच्चा आहे, कबूल. पण प्रेक्षकाचं वर्णन म्हणून आम्हाला तो अजून उपयोगी वाटतो.

केळकरांच्या भाषणाआधी दोन वर्षं, त्याच बडोद्यात, या सिद्धान्ताची जणू परीक्षा झाली होती. २० फेब्रुवारी १९१९ ला गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. राम गणेश गडकरी २३ जानेवारीला सावनेरला वारले होते. मराठी रंगभूमीवरचा बहुधा सगळ्यात जास्त अश्रू काढणारा शेवट त्याच्या लेखकानं रंगमंचावर पाहिलाच नाही. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस.

कथा तुम्हाला माहीत आहे, तरी शेवट आठवा. श्रीमंताची लेक दळणं दळायला लागलेली. उंची शालूंसाठी ज्यांची ख्याती ते बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यात. दारूच्या भरात सुधाकराच्या हातून तान्हं मूल मरतं, सिंधूला वर्मी घाव बसतो. पोलीस येतात. आणि मरायला टेकलेली सिंधू काय करते? खोटं बोलते. आपणच पडलो म्हणते. नवऱ्याला वाचवते आणि मरते. मग सुधाकर विषाचा प्याला घेतो.

दारूबंदीवाल्यांनी हे नाटक आपलं म्हणून डोक्यावर घेतलं, ते ठीकच. पण थिएटरात बायका कशावर रडत होत्या? आमचं मत स्पष्ट आहे: दारूवर नाही. त्या सिंधूच्या जबानीवर रडत होत्या. त्या काळात बायकांची बसायची जागा वेगळी असे. तिथे बसलेल्या कितीतरी जणींनी अशी जबानी घरात कधी ना कधी दिलेली असणार. ‘काही नाही, चौकट लागली.’ ‘काही नाही, घसरले न्हाणीत.’ ज्या गोष्टीबद्दल घरी हूं की चूं करता येत नाही, तिच्यावर चारचौघींत पदर डोळ्यांना लावायची मुभा या शेवटानं दिली, आणि ती तिकीट काढून, नवऱ्याच्या परवानगीनं. सिंधू फार सोशिक आहे, तिनं बंड करायला हवं होतं, ही टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे. आमच्या वर्गात मुली हे नाटक वाचताना चिडत असत. पण सिंधूनं खरं सांगितलं असतं आणि सुधाकर बेड्या घालून गेला असता, तर ते रडं तसं आलं असतं का? गडकऱ्यांनी पडदा त्या खोटेपणाच्या पलीकडे, दोन मरणांवर पाडला. त्यामुळे खोटं उघडं पडलं ते फक्त प्रेक्षागृहात. फौजदाराला ते कळलं नाही, आणि समोर बसलेल्या हजार माणसांना कळलं. आता केळकरांचा ‘विकल्प’ इथे बघा. ती बाई सिंधूही असते आणि स्वतःही असते. पूर्ण सिंधू झाली तर तिला रडताच येणार नाही, कारण सिंधू तक्रार करत नाही. प्रयोग संपला की ती त्याच घरी परत जाते. म्हणून हे अश्रू वाया गेले, असं आम्हाला म्हणवत नाही. आणि त्यांनी तिचं घर बदललं, असंही म्हणवत नाही.

अश्रूंना जागाच न ठेवणारे शेवटही मराठीत झाले. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ आलं. शेवटी जमाव घाशीरामला ठेचतो आणि नाना उत्सव जाहीर करतो. ना शोक ना समाधान. पुण्याचा काही वर्ग खवळला, नानांची बदनामी झाली म्हणून, आणि एकोणीस प्रयोगांनंतर त्या वेळच्या संस्थेनं नाटक थांबवलं. त्यावर स्वतंत्र व्याख्यान द्यावं लागेल, आज पुढे जाऊ.

शेवट प्रेक्षकांनीच नाकारला, असंही घडलं आहे. १९८८ च्या जुलैअखेर दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ संपलं. रावण मेला, राज्याभिषेक झाला, सगळं गोड. आमच्या पुण्यातही रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, हे तुम्हा ज्येष्ठांना आठवत असेल. पण जालंधरच्या सफाई कामगारांना हा शेवट मान्य नव्हता. ते वाल्मीकींना मानणारे, आणि वाल्मीकी स्वतः कथेत येतात ते उत्तरकांडात. आमच्या ऋषीला वगळून रामायण संपवता कसं, म्हणून त्यांनी संप केला, आणि तो इतर शहरांत पसरला. ‘उत्तर रामायण’ त्यानंतर आलं. राज्याभिषेकावर थांबलं तर रामराज्य, सीता भूमीत गेली तिथे थांबलं तर दुसरंच काही. कुठे थांबायचं हा प्रश्न पंडितांचा होता. झाडू खाली ठेवून तो रस्त्यावर आणला त्यांनी.

या उत्तरकांडाचं आपल्या विदर्भातल्या भवभूतीनं काय केलं, ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात राम स्वतः प्रेक्षक आहे. त्याच्यासमोर त्याच्याच सीतेच्या त्यागानंतरची गोष्ट नाटक म्हणून होते. आणि राम, तो राजा, तो मर्यादापुरुषोत्तम, भान हरपून मध्येच बोलायला लागतो. शेजारी बसलेला लक्ष्मण त्याला सांगतो की आर्य, हे नाटक आहे. हाच तो विकल्प! केळकरांच्या आधी बाराशे वर्षं. शेवटी भवभूती खरी सीता आणून रामाच्या हवाली करतो. मूळ कथेला न झेपलेला शेवट. पण आमच्या मनात राहतो तो लक्ष्मण. प्रत्येक प्रेक्षागृहात शेजारच्या खुर्चीवर असं कुणीतरी लागतं.

आता परत आपल्या मालिकेकडे. संभाजी महाराजांची मालिका संपली आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली. २८ मार्चपासून दूरदर्शननं तेच जुनं ‘रामायण’ पुन्हा लावलं. पुढे १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ हा हिंदी सिनेमा आला, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून, लक्ष्मण उतेकरांनी केलेला. मालिका घरात पाहिली जात होती, आपल्या माणसांत. सिनेमा अंधारात, चारशे अनोळखी माणसांबरोबर. शेवटी लहान मुलं हुंदके देतायत, तरुण पडद्यासमोर उभं राहून गारद म्हणतायत, अशी दृश्यं त्या वेळी सगळ्यांच्या फोनवर फिरली. त्या हुंदक्यांना हसणाऱ्यांतले आम्ही नाही. ज्या राजाची पिढ्यान् पिढ्या नाटकांनी व्यसनी, उतावळा म्हणून बदनामी केली, त्याच्यासाठी हे रडणं म्हणजे काही अंशी परतफेड होती.

पण त्याच मार्चमध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणू लागले, सिनेमात दाखवलेलं मोगलांचं सोनं सापडेल म्हणून. याला हसता येतं. आणि १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल उसळली, एका माणसाचा जीव गेला. मुख्यमंत्री दुसऱ्या दिवशी विधानसभेत बोलले, त्यात या सिनेमामुळे लोकांच्या भावना प्रक्षुब्ध झाल्याचाही उल्लेख होता. एका सिनेमावर सगळं खापर फोडणं हा १९१० च्या सरकारचाच तर्क झाला, तो आम्हाला मान्य नाही. लाखो माणसं तो शेवट पाहून, डोळे पुसून घरी गेली, हेही खरंच. विकल्प सिनेमा काढून घेत नाही. बाहेर आल्यावर कुणीतरी येऊन सांगतो की हे नाटक नव्हतं, हे काल झालं आणि शेजारच्या गल्लीतल्यांनी केलं. म्हणजे लक्ष्मणाच्या खुर्चीवर दुसराच कुणी येऊन बसतो.

राहिला प्रश्न पडद्याचा. ११ मार्च १६८९ वर सगळ्यांनी पडदा पाडला. पण गोष्ट तिथे थांबली नव्हती. येसूबाई रायगडावर होत्या. वैधव्य आलेलं, पदरी लहान शाहू. त्यांनी राजारामांना गडाबाहेर पडू दिलं आणि स्वतः मागे राहिल्या. राज्य राहावं म्हणून. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि त्या मुलासह मोगलांच्या कैदेत गेल्या. औरंगजेब १७०७ मध्ये मेला, शाहू सुटून आले, येसूबाई सुटल्या नाहीत. बाळाजी विश्वनाथाच्या दिल्लीच्या स्वारीनंतर, १७१९ साली, त्या परत आल्या. जवळजवळ तीस वर्षं. त्या तीस वर्षांत वध नाही, गर्जना नाही, पडद्यावर दाखवावं असं फारसं काही नाही. छावणीमागून छावणी, आणि वाट पाहणं. ज्या अडीच वर्षांत आपल्या घरांतल्या बायकांनी मालिकेतल्या येसूबाईंवर इतकी माया केली, त्या मायेला १७१९ चा भाग मिळालाच नाही.

तो कुणी लिहिला तर बघायला कितीजण थांबतील, हे आम्ही तुम्हालाच विचारतो. वेळ झाली आहे. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी माइकपाशी यावं.